वैमानिकावर घाईचा दबाव नको

महोदय,
वाऱ्यात उतरताना छोटे विमान घसरले की ‘वैमानिकाची चूक’ म्हणून आपण मोकळे होतो. हे अन्यायाचे आहे. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये दुपार कलली की वळवाचे ढग दाटतात आणि वारा क्षणात दिशा बदलतो. प्रशिक्षणात सर्रास वापरले जाणारे सेसना १७२ हे छोटे विमान ताशी सुमारे २८ किलोमीटरच्या, धावपट्टीला आडव्या वाऱ्यापर्यंत उतरवून दाखवलेले आहे. वळवाचे झोत त्याहून कितीतरी जोरदार असू शकतात. वैमानिक विमानाचे नाक वाऱ्याकडे तिरके धरून येतो आणि चाके टेकण्याच्या ऐन वेळी ते धावपट्टीच्या रेषेत आणतो. नेमका तेव्हाच झोत आला तर एक पंख उचलला जातो. अशा वेळी पुन्हा वर झेपावणे किंवा सरळ दुसरा विमानतळ गाठणे, हेच शहाणपण. पण खाली सभा खोळंबलेली, कार्यकर्ते हार घेऊन उभे! हा दबाव थांबलाच पाहिजे. लातूर, धाराशिवसारख्या ठिकाणी उतरणाऱ्या प्रत्येक विमानाला वाऱ्याचा ताजा वेग आणि दिशा मिळायलाच हवी. धावपट्टीकडेचा विंडसॉकही (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) फाटका, विटका राहता कामा नये.

– एक वाचक, लातूर