काकडूची सहल ठरवून टाकली आहे

तीर्थस्वरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

आधी माफी मागते, कारण विचारण्याआधीच पैसे भरून टाकलेत. जुलैत तुम्ही इथे ऑस्ट्रेलियात डार्विनला असताना एक दिवस काकडू राष्ट्रीय उद्यानात जायचं आहे. (काकडू गं आई, काकडी नव्हे.) मला त्या दिवशी सुट्टी नाही, तुम्ही दोघंच जाल. याची रुखरुख आहेच. पण मी गाडीने नेलं असतं तरी कातळावरची चित्रं मला वाचता आली नसती. गाइडला ती येतात, आणि तिथल्या मूळ रहिवासी बिनिंज लोकांची जेवढी मुभा आहे तेवढंच तो सांगतो. म्हणून बाबा, एखाद्या कथेवर तो गप्प राहिला तर खोदून विचारू नका. काही गोष्टी फक्त बायकांच्या असतात, काही फक्त जाणत्यांच्या.

निघायचं पहाटे, परत यायला रात्र. जबिरू गाव अडीचशे किलोमीटरवर, एका बाजूला तीन तास. बाबा, लघवीची गोळी त्या दिवशी कधी घ्यायची ते तिथूनच डॉक्टरांना विचारून या. इथलं घड्याळ चार तास पुढे आहे, हेही त्यांना सांगा. पाणी कमी पिऊन जुळवाजुळव करायची नाही. प्रत्येकी दोन लिटर सोबत हवंच. गाडी थांबेल तिथे गरज नसली तरी जाऊन यायचं.

काकडूतल्या बुरुंगकुय नावाच्या कातळाला दीड किलोमीटरचा फेरा आहे. आई, तू वरच्या चढाला जाऊ नकोस, चित्रं खालीच आहेत. तिथे नामारगोन आहे, वीज पाडणारा. कोपर-गुडघ्यांना दगडी कुऱ्हाडी, त्या आपटल्या की गडगडाट. वीज कडाडली की मी तुझ्या पदरात शिरायचे ना, तोच हा! त्याच्या चित्राला हात मात्र लावू नकोस, नमस्कारासाठीसुद्धा. बोटांचं तेल-घाम रंगाला मारक असतो. तिथली बरीच चित्रं 1960 च्या दशकात नव्याने रंगवली गेली. जुन्यावर नवं काढायची त्यांची रीतच आहे.

वाटेत धूर दिसला तर घाबरू नका. कोरड्या हंगामाच्या सुरुवातीला इथले लोक गवत ठिकठिकाणी मुद्दाम जाळतात, म्हणजे पुढे कडक उन्हात मोठा वणवा पेटत नाही. आपल्याकडच्या राबासारखं दिसेल, हेतू वेगळा. आईचा पंप मात्र हातातल्या पिशवीत, डिकीतल्या सामानात नको.

मग यलो वॉटर नावाच्या पाणथळीतली होडी. तिला छप्पर आहे, बसायला बाकं आहेत. आपलंच कमळ फुललेलं दिसेल. त्याच्या पानांवर चालणारा कमळपक्षी नीट बघ आई: अंडी बाबा उबवतो आणि पिल्लांना पंखाखाली घेऊन फिरतो. आपल्या बाबांनी कधी उबवली असती का, विचार त्यांना!

मगरी दिसणारच. नावात ‘खाऱ्या पाण्यातली’ असलं तरी ती गोड्या पाण्यातही राहते. 1971 पासून शिकार बंद झाल्यावर त्या पुन्हा भरपूर झाल्या. पाण्यावर ओंडका दिसला तर तो ओंडका समजू नका. हात काठाबाहेर काढायचा नाही, मोबाइल पडला तर पडू द्या. उतरल्यावर पाण्यापासून पाच मीटर लांब. तीर्थासारखं पाणी डोळ्यांना लावायला वाकायचं नाही!

जेवण शाकाहारी कळवलंय, वर मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी देणार आहे. तुम्ही तिथून पेढे आणू नका. दुधाच्या पदार्थांची इथे कटकट होते. बाकी खाण्याचं जे आणाल ते सगळं विमानातल्या फॉर्मवर लिहा. लिहिलं तर फार तर काढून घेतात, लपवलं तर दंड. गोळ्या मूळ पाकिटात आणि इंग्रजी चिठ्ठीसकट.

गाडीत एसी असतो, शाल घ्या. आणि आई, बुटांचा नंबर लगेच कळव. चपला घालून कातळावर जायचं नाही म्हणजे नाही.

तुमची,
बाळी