दाबताना थोडं, हात काढताना जास्त दुखेल

आदरणीय डॉक्टर मॅडम,

तुम्हाला मी आठवत नसेन. रात्री पावणेदोनला सरकारी दवाखान्यात, पोटाशी पाय घेऊन पडलेल्या ११ वर्षांच्या पोराची आई. अशा कितीजणी त्या एका रात्रीत तुमच्यासमोर आल्या असतील. पण टाके निघून तीन आठवडे झाले तरी तुमचं एक वाक्य माझ्या कानातून जात नाही, म्हणून लिहिते आहे.

तुमच्याआधी आम्ही दोन ठिकाणी जाऊन आलो होतो. पहिल्या डॉक्टरांनी टेबलापलीकडूनच "गॅस आहे" म्हणून सांगितलं, इंजेक्शन दिलं, पैसे घेतले. पोटाला हातसुद्धा लावला नाही. दुसऱ्यांनी पोराला विचारलं, "सहामाही कधी आहे रे तुझी?" त्याचे डोळे भरून आले. शेजारच्या काकू म्हणाल्या, बेंबी सरकली असेल, तेल लावून चोळ. त्या मायेपोटी बोलल्या, त्यांच्यावर माझा राग नाही. ज्यांनी शिकून, फी घेऊन, न तपासता सांगितलं, त्यांच्यावर आहे, आणि तो जाणार नाही.

तुम्ही आलात, स्टूल ओढलंत आणि मला नाही, त्याला विचारलंत, "पहिल्यांदा कुठे दुखलं आणि आता कुठे दुखतंय?" त्याने आधी बेंबीवर हात ठेवला, मग उजवीकडे खाली. आदल्या दिवशी त्याने ताटातली पुरणपोळी तशीच ठेवली होती, हेही त्यानेच सांगितलं. मग तुम्ही तळहात एकमेकांवर चोळून ऊन केलेत आणि म्हणालात, "मी हळूच दाबणार आहे. दाबताना थोडं दुखेल, पण हात काढताना जास्त दुखेल. आधीच सांगते."

तसंच झालं. तुम्ही हात उचललात तसा तो कळवळला, पण तुमच्याकडे बघून म्हणाला, "हो, आता जास्त दुखलं." दोन दिवस आम्ही सगळे त्याला "काही होत नाही, काही होत नाही" म्हणत होतो. त्याला खरं सांगणाऱ्या तुम्ही पहिल्या. त्यानंतर सुई टोचताना, ट्रॉलीवरून नेताना, त्याने माझा हात धरला नाही. तुमच्याकडे बघत राहिला.

सोनोग्राफी झाल्यावर तुम्ही अपेंडिक्स म्हणालात आणि ऑपरेशनचं नाव काढलंत, तेव्हा त्याने विचारलं, "पण ते माझं आहे ना? मग का काढायचं?" थोरलीने त्याला दहावीच्या पुस्तकातलं सांगितलं होतं, आंत्रपुच्छ म्हणजे अवशेषांग, बिनकामाचं. तुम्ही म्हणालात, "डार्विनलाही १८७१ साली ते असंच उरलंसुरलं वाटलं होतं. पण अगदीच बिनकामाचं नाही ते." मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला लोंबणारी ती करंगळीसारखी पिशवी, टॉन्सिलप्रमाणे तिच्या भिंतीत रोगाशी लढणाऱ्या पेशी असतात. जुलाबात आतड्यातले चांगले जंतू वाहून गेले तर तिथे लपून राहिलेले पुन्हा पसरत असावेत, असं २००७ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी मांडलं, हेही तुम्ही सांगितलंत. अकरा वर्षांच्या पोराला, रात्री अडीच वाजता!

"पण तुझ्या पिशवीच्या तोंडाशी खडा अडकलाय. आतलं बाहेर येत नाही, ती फुगत चाललीय, तिला रक्त पोचेनासं होईल आणि मग ती फुटेल. फुटली तर पू सगळ्या पोटात जाईल. ती गेली तर तिचं काम शरीरातले बाकीचे करतील, तू गेलास तर तुझं काम कोण करणार?"

यांनी विचारलं, नुसत्या औषधांनी नाही का भागणार? तुम्ही चिडला नाहीत. काही जणांना अँटिबायोटिकने बरं वाटतं, पण त्यातल्या बऱ्याच जणांना पुढे पुन्हा दुखतं, आणि खडा असताना ती जोखीम नको, असं नीट समजावलंत. मग त्याला म्हणालात, "१७३५ साली लंडनमध्ये क्लॉडियस अम्यांड नावाच्या सर्जनने पहिल्यांदा अपेंडिक्स काढलं, तेही ११ वर्षांच्याच मुलाचं. त्याने टाचणी गिळली होती. तेव्हा भूल द्यायचं औषध नव्हतं, तरी तो बरा झाला. तू तर झोपलेला असशील."

पहाटे ऑपरेशन झालं. फुटायच्या बेतात होतं, एवढंच तुम्ही बाहेर येऊन सांगितलंत, आणि भिंतीला टेकून क्षणभर डोळे मिटलेत. तुमची ड्यूटी कधी सुरू झाली होती हे विचारायचं मला सुचलं नाही.

मॅडम, औषध तर पुस्तकात असतं. पण समोरचं पोर आहे, गरिबाचं आहे, तरी त्याच्या दुखण्यावर विश्वास ठेवायचा, त्याच्याशी खोटं बोलायचं नाही, हात गार असेल तर आधी ऊन करायचा, हे कुठल्या पुस्तकात असतं? तुमच्या आईवडिलांनी तुम्हाला ते दिलं असणार. त्यांनाही माझा नमस्कार सांगा.

घरी सोडलं त्या दिवशी आम्ही पेढे घेऊन तुम्हाला शोधत होतो. सिस्टर म्हणाल्या, आत्ताच डोळा लागलाय त्यांचा. मग आम्ही उठवलं नाही. पुडा त्यांच्याकडे ठेवलाय, वर त्याने स्वतः 'डॉक्टर ताई' असं लिहिलंय. मिळाला का?

तुमची ऋणी,
वॉर्डातल्या खिडकीजवळच्या खाटेवरच्या मुलाची आई