शाळा अनुदानाच्या बैठका संध्याकाळी घ्या

मा. संपादक,
जिल्हा परिषद शाळांच्या संयुक्त अनुदानाची, म्हणजे शाळेच्या वर्षभराच्या खर्चाला मिळणाऱ्या पैशांची बातमी तुमच्या अंकात वाचली, पैसे येतायत हे चांगलंच आहे पण ते खर्च कशावर करायचे हे ठरवताना ज्यांची मुलं मागं पडलीत ते पालक तिथं असतात का, हे कुणी विचारत नाही.

शिक्षण हक्क कायदा 2009 प्रमाणे हा खर्च ठरवणाऱ्या शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत, त्यात वंचित आणि दुर्बल घटकातल्या पालकांना मुलांच्या प्रमाणात जागा आणि निम्म्या महिला. कागदावर हे सगळं असतं. पण बैठक भर दुपारी ठेवली की मजुरीला गेलेली आई येणार कशी, रोज बुडवून? मग जे येऊ शकतात ते रंगकाम, लाईटबिल, फळा असं ठरवतात. तेही लागतंच, नाही असं नाही, आणि रक्कमही मोठी नसते, पटावर तीसपर्यंत मुलं असली की वर्षाला 10 हजारच. म्हणून तर त्यातला थोडा तरी भाग वाचनात मागं पडलेल्या मुलांच्या पुस्तकांना, सराव साहित्याला आधी बाजूला काढायला पाहिजे.

आपल्या सांगली जिल्ह्यात गळीत हंगामात ऊसतोड कामगारांची मुलं येतात, तोवर वर्षाचं नियोजन झालेलं असतं. त्यामुळं दिवाळीनंतर एक बैठक संध्याकाळी सातला घ्यावी आणि फडावरच्या पालकांनाही बोलवावं, असं पत्र शिक्षण विभागानं सगळ्या शाळांना काढावं.

– एक पालक, पलूस