दिवाळीचा फराळ हजेरी शेडवर पोचू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दसरा उरकला की मराठवाड्यातल्या नगरपरिषदा, नगरपंचायती आणि पंचायत समित्यांमध्ये दिवाळी स्नेहमिलनाची लगबग सुरू होते. सभागृह झाडले जाते, वर्गणी निघते, फराळाची ऑर्डर जाते. हे व्हायलाच हवे. वर्षभर फायलीवरून वाद घातलेली माणसे एका डिशमधला चिवडा खातात, तेव्हा पुढची कितीतरी कामे नुसत्या एका फोनवर होतात. पण बहुतेक ठिकाणी या कार्यक्रमाची वेळ संध्याकाळी पाचची असते आणि निम्मे कार्यालय तिथेच गळते. सफाई कामगार पहाटे साडेपाच-सहाला हजेरी शेडवर सही करतात आणि अकराच्या सुमारास बिट (झाडायला नेमून दिलेला भाग) संपवून घरी जातात. त्यांत निम्म्याहून जास्त महिला. दुपारनंतर घरचे काम, लेकरे, दिवाळीची आवराआवर. तीन-चार किलोमीटर चालत त्या पुन्हा पाचला कशा येणार? नळाला पाणी सोडणारा व्हॉल्व्हमन पाण्याच्या पाळीवर असतो, पंपहाऊसवरचा ऑपरेटर गावापासून लांब धरणावर असतो आणि अग्निशमनचे जवान बंब सोडून हलू शकत नाहीत.

म्हणून आमचे पहिले मागणे साधे आहे. मुख्य कार्यक्रम सकाळी साडेदहाला, हजेरी शेडवर घ्या. साहेबांनी आणि कार्यालयीन कर्मचाऱ्यांनी तिथे यावे, बिटवरच्या बायकांना सभागृहात बोलावू नये. त्यासाठी शेडवर आधी दोन गोष्टी लागतात: पाण्याचे दोन ड्रम आणि साबण. बायका थेट बिटवरून आलेल्या असतात. हात-पाय धुवायची सोय नसेल तर त्या तिथे घासही खात नाहीत, पुडा पदरात बांधून निघून जातात आणि फोटोत मात्र कार्यक्रम झालेला दिसतो. बसायला सगळ्यांना सतरंजीच असावी. समोर खुर्च्यांची एक रांग मांडली की मागे आपोआप उभ्या माणसांची रांग तयार होते. भाषण एकच, पाच मिनिटांचे. कामगार पहाटेपासून उपाशी असतात. पंपहाऊस, जलकुंभ आणि अग्निशमन केंद्रावर त्याच दिवशी गाडीने फराळ जावा, दुसऱ्या दिवशी उरलेला नव्हे.

आता फराळाविषयी थोडे सविस्तर, कारण दरवर्षी चुका त्याच होतात. 180 माणसांसाठी माणशी पाव किलो चिवडा, 100 ग्रॅम शेव, 150 ग्रॅम शंकरपाळे आणि चार बेसन लाडू धरले तर पुडा साधारण साडेसहाशे ग्रॅमचा होतो. चिवडा लागतो 45 किलो. एक किलो पातळ पोह्यांचा, शेंगदाणे, डाळवे, खोबऱ्याचे काप आणि तेल धरून, पावणेदोन किलोच्या आसपास चिवडा होतो, म्हणजे पोहे 26 किलो आणा. एक किलो बेसनाला साडेचारशे ग्रॅम तूप आणि साडेआठशे ग्रॅम पिठीसाखर घेतली तर 40 ग्रॅमचे 55 ते 60 लाडू वळतात. 720 लाडवांना 13 किलो बेसन, सहा किलो तूप आणि 11 किलो साखर लागेल. शेवेला 13-14 किलो बेसन आणि शंकरपाळ्यांना 16 किलो मैदा धरावा. अंदाज नेहमी माणसांच्या मस्टरवरून (हजेरीपटावरून) करा, गेल्या वर्षीच्या बिलावरून नको. मस्टरमध्ये कंत्राटी, रोजंदारी, घंटागाडीचे चालक आणि मदतनीस सगळे मोजा. पुडे कमी पडतात ते नेमके त्यांचेच.

परतीचा पाऊस लांबला की पोहे दमट येतात. दोन उन्हे दाखवल्याशिवाय किंवा कोरडे भाजल्याशिवाय ते फोडणीत टाकले तर चिवडा चिवट होतो. त्याहून मोठी चूक म्हणजे गरम चिवडा पिशवीत भरणे. आत वाफ धरते आणि तिसऱ्या दिवशी पोहे मऊ पडतात. चिवडा मोठ्या परातीत, पसरून, किमान चार तास गार करायचा आणि मग भरायचा. लाडवांनाही घाई चालत नाही. बेसन कढईतून उतरल्या उतरल्या साखर घातली तर मिश्रण सैल होते आणि लाडू बसतात, कोमट झाल्यावर घातली तर नीट वळतात. लाडू आणि चिवडा एकाच पिशवीत नको, तुपाचा ओलावा आणि वास चिवड्याला लागतो. स्टेपलर तर अजिबात वापरू नका, पिन सुटून चिवड्यात पडते आणि ती लहान पोराच्या तोंडात जाते. वर्तमानपत्राच्या कागदात फराळ बांधू नका, छपाईची शाई तेलकट पदार्थात उतरते. आणि 2018 पासून राज्यात प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे. पहिल्याच वेळी 5,000 रुपये दंड करणारे नगरपरिषदेचे पथक ज्या कार्यालयातून निघते, त्या कार्यालयाचा फराळ कॅरीबॅगमध्ये जाऊ नये. शहरातल्या महिला बचत गटाला कापडी पिशव्या शिवायला आणि फराळ करायला बारा दिवस आधी ऑर्डर द्या, निम्मे पैसे आगाऊ द्या. आगाऊ न देता ऑर्डर दिली की गट किराणा उधारीवर उचलतो, तेल हलके येते आणि मग नाव गटाचे खराब होते.

वर्गणी पगाराच्या प्रमाणात असावी. सगळ्यांना सरसकट 500 रुपये लावणे हे अधिकाऱ्याला काहीच नाही आणि कंत्राटी सफाई कामगाराला मात्र एका दिवसाच्या मजुरीएवढे आहे. कंत्राटी आणि रोजंदारीवाल्यांकडून वर्गणी घेऊच नये, तो खर्च कायम कर्मचाऱ्यांनी उचलावा. पगारबिलातून परस्पर कपात करू नये. ज्याला द्यायची त्याने रोख द्यावी आणि पावती घ्यावी. ठेकेदाराकडून फराळाचा खर्च किंवा मिठाईचे बॉक्स घेण्याची पद्धत काही ठिकाणी पडली आहे. ती बंदच झाली पाहिजे. ज्याच्या मोजमाप पुस्तिकेवर (झालेल्या कामाचे माप लिहायच्या वहीवर) आपण सही करतो त्याची मिठाई घेणे वर्तणूक नियमांत बसत नाही, आणि केबिनमध्ये जाणारे बॉक्स झाडणाऱ्या बाईला दिसत असतात. खर्चाचा हिशेब भाऊबीजेनंतर आठवड्याच्या आत नोटीस बोर्डावर लावावा, शिल्लक राहिली तर तीही लिहावी.

मात्र हातात पैसे नसतील तर फराळाच्या पुड्याने दिवाळी होत नाही. यंदा, म्हणजे 2026 मध्ये, धनत्रयोदशी 6 नोव्हेंबरला आहे, 1 नोव्हेंबरला रविवार आहे. ऑक्टोबरचे पगारबिल नेहमीप्रमाणे महिनाअखेरीस फिरायला लागले तर पैसे सणानंतर पडतील. म्हणून हजेरी 20 ऑक्टोबरलाच बंद करून बिल लेखा विभागाकडे जायला हवे, उरलेल्या दिवसांचा फरक पुढच्या बिलात घेता येतो. सानुग्रह अनुदानासाठी (दिवाळीला पगाराव्यतिरिक्त मिळणाऱ्या रकमेसाठी) अर्थसंकल्पात तरतूद आणि सभेचा ठराव लागतो. तो विषय सप्टेंबरच्या सभेतच घ्यावा, दसऱ्यानंतर घेतला की तो मंजुरीच्या फेऱ्यात अडकतो. राज्याच्या अराजपत्रित कर्मचाऱ्यांना सण अग्रिम 12,500 रुपये मिळतो, बिनव्याजी, 10 हप्त्यांत वसूल होणारा. म्हणजे महिना 1,250. आपल्या संस्थेने तो लागू केला असेल तर अर्ज आधीच गोळा करा, कारण जुना अग्रिम फिटला नसेल तर नवा मिळत नाही आणि हे ऐनवेळी कळते. कर्मचारी पतसंस्थांची वार्षिक सभा 30 सप्टेंबरपर्यंत व्हायची असते, त्यामुळे मंजूर झालेला लाभांश दिवाळीआधी खात्यात टाकायला अडचण नसते. बऱ्याच पतसंस्था तो मार्चपर्यंत रेंगाळत ठेवतात, सभासदांनी सभेतच तारीख मागून घ्यावी.

कंत्राटी कामगारांचा प्रश्न वेगळा आणि जास्त दुखरा आहे. बोनसच्या कायद्याप्रमाणे वर्षात किमान 30 दिवस काम केलेल्या, वेतनमर्यादेत बसणाऱ्या कामगाराला कमीत कमी 8.33 टक्के बोनस मिळतो. पण तो देण्याची मुदत लेखावर्ष संपल्यापासून आठ महिने असते. मार्चअखेर वर्ष धरले तर 30 नोव्हेंबर. यंदा लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे, म्हणजे ठेकेदार दिवाळीनंतर तीन आठवड्यांनी पैसे देऊनही कायद्यात बसतो. यावर उपाय निविदेतच आहे. बोनस वसुबारसेपूर्वी बँक खात्यात जमा करावा आणि त्याची यादी जोडल्याशिवाय ऑक्टोबरचे देयक निघणार नाही, अशी अट कार्यादेशात (ठेकेदाराला काम देण्याच्या आदेशात) घाला. ज्या कार्यादेशात ती नाही तिथे मुख्याधिकाऱ्यांनी ठेकेदाराला ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातच पत्र द्यावे. यादी बँकेच्या शिक्क्याची हवी, ठेकेदाराच्या लेटरहेडवरची नको.

ड्युटीची यादी दसऱ्याआधी लागली पाहिजे. यंदा नरक चतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन दोन्ही एकाच दिवशी, 8 नोव्हेंबरच्या रविवारी आहेत. पहाटे अभ्यंगस्नानाला पाणी हवे म्हणून व्हॉल्व्हमन तीनला बाहेर पडणार, आणि रात्री सात ते बारा या वेळात आगीचे सर्वाधिक फोन येणार. सकाळच्या माणसाला रात्रीही थांबवू नये. आपल्याकडे कितीतरी गावांत पाणी चार-आठ दिवसांआड येते, त्यामुळे त्या पहाटे गावभर पाणी सोडायचे तर जलकुंभ आदल्या रात्रीपर्यंत भरलेले हवेत आणि झोनच्या वेळा आधीच जाहीर व्हायला हव्यात. नाहीतर सगळा राग व्हॉल्व्हमनवर निघतो. महिला कामगारांना भाऊबीजेची सुटी आधी द्या, त्यांना माहेरी जायचे असते. त्या दिवशीची बिटे पुरुष कामगारांनी उचलावीत.

मराठवाड्यातल्या कार्यालयांत एक जुनी चाल आहे आणि ती जपण्यासारखी आहे. दिवाळीच्या पाळ्या मुस्लिम सहकारी मागून घेतात, रमजान ईदला त्यांच्या पाळ्या हिंदू सहकारी करतात आणि दुपारी शिरखुर्म्याचा डबा कार्यालयात येतो. बौद्ध सहकाऱ्यांना दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जायचे असते, 14 जानेवारीला मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार दिन असतो, 14 एप्रिलला आंबेडकर जयंती असते. पाळ्यांचा हा अदलाबदल तोंडी न ठेवता वर्षाच्या सुरुवातीलाच वहीत लिहून ठेवावा. तोंडी ठेवला की मुकादम बदलल्यावर तो मोडतो.

खंडेनवमीला वर्कशॉपमध्ये घंटागाड्या, ट्रॅक्टर आणि बंबाची पूजा होते. पूजा जरूर करा, पण झेंडूची माळ रेडिएटरच्या जाळीवर नको आणि पंपाच्या गेजच्या काचेवर कुंकवाचे बोट नको. रात्री दाब वाचायची वेळ येते तेव्हा ते बोट आड येते.

लक्ष्मीपूजनानंतरची सकाळ सफाई कामगारांसाठी वर्षातली सर्वांत जड सकाळ असते. लवंगी माळांचा लाल कागदी चुरा दवाने भिजून डांबराला चिकटतो. तो साध्या झाडूने निघत नाही, त्याला खराटाच लागतो, आणि नेहमीच्या बिटाला दीडपट वेळ जातो. त्या चुऱ्यात न फुटलेले सुतळी बॉम्ब असतात, रॉकेटसाठी लावलेल्या बाटल्यांच्या काचा असतात. चुरा हाताने उचलायचा नाही, दोन पत्र्यांनी उचलायचा. न फुटलेला फटाका लगेच पाण्याच्या बादलीत टाकायचा आणि तासभर तरी भिजू द्यायचा. कोरडा फटाका घंटागाडीत किंवा कॉम्पॅक्टरमध्ये (कचरा दाबणाऱ्या गाडीत) गेला तर दाबाखाली पेट घेतो, डेपोवर गेला तर आग दोन-दोन दिवस धुमसते. रबरी मोजे इथे कामाचे नाहीत, ते वितळून कातडीला चिकटतात. तळव्याला चामडे असलेले मोजे द्या, प्रत्येक गाडीवर वाळूची एक बादली ठेवा. दुकानदारांनी आणि नागरिकांनीही आपल्या दारापुढचे न फुटलेले फटाके रात्रीच पाण्यात टाकावेत. झेंडू आणि केळीचे खुंट ओल्या कचऱ्यात वेगळे द्यावेत, त्यांचे खत चांगले होते.

शेवटची बाब वर्षभरात वारलेल्या सहकाऱ्यांच्या घरची. पहिल्या सणाला त्या घरात कढई चढत नाही, फराळ बाहेरूनच यायचा असतो. हा पुडा धनत्रयोदशीच्या आधी, त्याच बिटवरच्या दोन माणसांनी घरी नेऊन द्यावा. कुटुंबाला कार्यालयात बोलावून, स्टेजवर उभे करून, फोटो काढून देऊ नये. जाताना त्यांच्या अनुकंपेच्या (वारसाला नोकरीच्या) आणि भविष्य निर्वाह निधीच्या अर्जात कोणता कागद अडला आहे ते आस्थापना लिपिकाकडून लिहून घ्यावे आणि त्या घरी बसून तेवढे सांगावे.

आपले,
नगरपरिषदेतील काही कर्मचारी, मराठवाडा