कोलोच्या गावाहून

कोलंबस, ओहायो
रविवार रात्र

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

रोज फोन होतो, तरी हे कागदावर लिहायचं ठरवलं. फोनवर चिऊ रडायला लागली की आईचं सगळं लक्ष तिच्याकडे जातं आणि माझं सांगायचं राहून जातं.

काल चिऊला घेऊन पहिल्यांदाच इथल्या प्राणिसंग्रहालयात गेलो. मी गोरिलांच्या काचेसमोर तासभर बसून होते. आत एक मादी भिंतीला टेकून बसली होती आणि छातीवर तिचं पिल्लू झोपलं होतं. तिने एका बोटाने त्याच्या कानामागचं काहीतरी अलगद काढलं, डोळ्यांजवळ धरून पाहिलं आणि तोंडात टाकलं. हातभर अंतरावर वयात येणारी दुसरी मादी हे सगळं टक लावून बघत होती. मला एकदम रडू आलं. बाळंतपणानंतर हल्ली असं होतं, पण कालचं कारण वेगळं होतं. ते तुम्हाला सांगायचंय.

जगातल्या कुठल्याही प्राणिसंग्रहालयात जन्मलेला पहिला गोरिला याच गावचा. तारीख २२ डिसेंबर १९५६. मिली आणि मॅक ही जोडी लहानपणीच आफ्रिकेतल्या जंगलातून पकडून आणलेली. नर मादीला इजा करेल या भीतीने वरिष्ठ त्यांना एकत्र सोडू देत नव्हते. वॉरन थॉमस नावाचा पशुवैद्यकीचा विद्यार्थी तिथे अर्धवेळ कामाला होता, तो रात्री गुपचूप त्यांना एकत्र सोडायचा असं सांगतात. त्या सकाळी त्यालाच मिलीच्या पिंजऱ्यात फरशीवर पिल्लू दिसलं. ते अजून गर्भाच्या पिशवीतच होतं आणि श्वास घेत नव्हतं. त्याने पिशवी फाडली, तोंडाला तोंड लावून फुंकर घातली, घालतच राहिला, आणि पिल्लू हललं. दोन किलोसुद्धा भरलं नाही ते. कोलंबस आणि ओहायो या दोन नावांवरून तिचं नाव ठेवलं, कोलो.

तिचं कौतुक काय झालं म्हणता! काचेची पेटी, बाटलीने दूध, लंगोट, फ्रॉक. बघायला माणसांची रीघ. पण मिलीकडे तिला परत दिलं नाही. त्या माणसांच्या मायेबद्दल मला जराही शंका नाही, त्यांनी रात्री जागवल्या असतील. तरीही कोलोने आईचं अंग कधी पाहिलं नाही. ती मोठी झाली, १९६८, १९६९ आणि १९७१ साली तिला तीन पिल्लं झाली, आणि एकही तिने स्वतः वाढवलं नाही. तिन्ही पुन्हा माणसांच्याच हातात.

मिलीचं तरी काय? त्या काळी गोरिलाचं पिल्लू जिवंत पकडायचं म्हणजे आधी त्याच्या आईला मारायचं, आडवे येतील त्या मोठ्यांनाही मारायचं. म्हणजे जिला पिल्लू कसं धरायचं हे ठाऊक नव्हतं, तिचीही आई तिच्यापासून हिसकावलेलीच. लोक म्हणायचे, पिंजऱ्यातल्या माद्यांना मायाच नसते. हे वाक्य मला फार लागतं. गोरिलाची पोर कळपात राहून, दुसरीचं बघून, दुसरीचं पिल्लू कडेवर घेऊन आई व्हायला शिकते. ज्यांना कळपच दिला नाही, त्यांच्यावर निर्दयपणाचा शिक्का कसा मारायचा?

१९७३च्या आंतरराष्ट्रीय करारामुळे जंगली गोरिलांच्या व्यापाराला आळा बसला आणि प्राणिसंग्रहालयांना आपल्याकडच्याच जनावरांवर भागवणं आलं. मग चुका उमगत गेल्या. एकेकट्याचे पिंजरे गेले, कळप आले. आईने नाकारलेलं पिल्लू दुसऱ्या मादीच्या ओटीत घालायची पद्धत इथे कोलंबसलाही रुजली. आता कुणाची जोडी कुणाशी लावायची हे वंशावळीच्या वहीतून ठरतं, अगदी आपल्याकडे गोत्र बघतात तसं. ज्या माद्यांना पिल्लू नको असं ठरतं, त्यांना बायकांच्याच गर्भनिरोधक गोळ्या देतात.

आणि आई, कोलोने पुढे नातवंडाला सांभाळलं! आई म्हणून जमलं नाही ते आजी म्हणून जमलं. १७ जानेवारी २०१७ला ती गेली तेव्हा साठ वर्षांची होती. मागे ३ मुलं, १६ नातवंडं, १२ पतवंडं आणि ३ खापरपतवंडं.

बाबा, तुम्हाला म्हैसूरचा पोलो आठवतो? मी चौथीत होते. भारतातला एकुलता एक गोरिला, पाठ करून बसलेला. लोक हाका मारत होते, टाळ्या वाजवत होते. तुम्ही मला खांद्यावरून खाली उतरवलंत आणि म्हणालात, "चल, त्याला बसू दे." मला तेव्हा राग आला होता, तोंड बघायला मिळालं नाही म्हणून. पोलो २०१४ साली गेला, एकटाच. तिथे जर्मनीहून दोन नर आणले ते थेट २०२१ साली. काल काचेसमोर गर्दी वाढली तेव्हा मीही चिऊला घेऊन उठले.

अजून एकीचं सांगते. १९८८ साली इथेच जन्मलेली बिंती जुआ माणसांच्या हातावर वाढली. शिकागोजवळच्या प्राणिसंग्रहालयात ती गाभण राहिली तेव्हा तिथल्या लोकांनी कापडी बाहुली देऊन तिला पिल्लू कसं उचलायचं, छातीशी कसं धरायचं हे शिकवलं. १६ ऑगस्ट १९९६ला तीन वर्षांचा एक मुलगा उंचावरून तिच्या आवारात पडला आणि बेशुद्ध झाला. स्वतःची मुलगी पाठीवर असताना बिंतीने त्याला उचललं आणि माणसं येतात त्या दाराशी नेऊन ठेवलं.

हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे तू आलीस, आई. बाबांच्या ऑपरेशनमुळे तुझं येणं रद्द झालं, आणि तू व्हिडिओवर पाटावर बसून, पाय लांब करून, उशीला तेल लावून अंघोळ कशी घालायची ते दाखवलंस. मानेखाली हात कसा ठेवायचा ते चार वेळा दाखवलंस. उशीचा अभ्रा त्या तेलाने पार खराब झाला असेल. चिऊ आता पालथी घातली तरी रडत नाही. टाळूला तेल जिरवताना तर ती झोपूनच जाते.

बाबांना डॉक्टरांनी प्रवासाची परवानगी दिली की लगेच सांगा, तिकिटं मी काढते. येताना जुन्या सुती साड्यांची दुपटी आणा. इथली फार जाड असतात.

तुमची,
मनू