लॉर्ड रे यांची जमीन आणि आपली

चि. मिहिर,
अनेक उत्तम आशीर्वाद.

स्कॉटलंडमधल्या ‘रे’ गावाच्या पाटीचा फोटो मिळाला. मुंबईतल्या आपल्या रे रोड स्टेशनचा याच्याशी काही संबंध आहे का, असं तू विचारलंस. आहे, आणि चांगला जवळचा आहे. फोनवर सांगायला लागले तर तुझी जेवणाची सुट्टी संपेल, म्हणून सविस्तर लिहिते. शेवटी एका सहीचं काम आहे, तेव्हा पत्र अर्धवट वाचून ठेवून देऊ नकोस.

आपण शिवडीला होतो तेव्हा तुझे बाबा रोज रे रोडला उतरायचे. ते नाव ज्यांचं, ते लॉर्ड रे १८८५ ते १८९० या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. मूळ नाव डोनाल्ड जेम्स मॅके. तू नोकरीला आहेस तिथून पश्चिमेला, टंग आणि डरनेसच्या बाजूचा डोंगराळ मुलूख पिढ्यान् पिढ्या त्यांच्या घराण्याचा. मॅके लोकांचे ते प्रमुख आणि ‘लॉर्ड रे’ या किताबाचे अकरावे धनी. गंमत म्हणजे या अकराव्या लॉर्डांचा जन्म १८३९ मध्ये हॉलंडमध्ये, हेग शहरात झाला. लायडन विद्यापीठात ते कायदा शिकले, डच पार्लमेंटात निवडून गेले, आणि ब्रिटिश नागरिक झाले ते १८७७ मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी. आणि वाडवडिलांच्या त्या अख्ख्या मुलखातली एक एकर जमीनही त्यांच्या वाट्याला आली नाही. ती कशी गेली, हेच मला तुला सांगायचं आहे.

घराण्याचे पहिले लॉर्ड, त्यांचंही नाव डोनाल्डच. माणूस हौशी आणि भांडखोर. १६२६ मध्ये राजाकडून परवाना काढून त्यांनी सुमारे ३,००० माणसं उभी केली आणि युरोपातल्या तीस वर्षांच्या युद्धात नेली. आधी डेन्मार्कच्या राजासाठी लढले, मग स्वीडनच्या. १६२८ मध्ये किताब मिळाला. पैसे मात्र मिळायचे तसे मिळाले नाहीत. पलटण उभारायला काढलेलं कर्ज डोक्यावर चढलं, आणि १६४२ मध्ये स्ट्रॅथनेव्हरचं खोरं शेजारच्या सदरलंडच्या अर्लच्या हाती गेलं. नेव्हर नदीकाठचं ते खोरं म्हणजे त्या सगळ्या प्रदेशातली कसदार जमीन. डोनाल्डसाहेब पुढे परदेशातच वारले.

हे झालं मालकाचं. खोऱ्यात राहणारी माणसं मात्र मॅकेच राहिली. मालक बदलला तरी ओट, बार्ली, काळी गुरं, गवती छपराची दगडी घरं, सगळं तसंच चालू राहिलं. दीड-पावणेदोनशे वर्षं कुणाला फारसं काही जाणवलंही नसेल. जाणवलं ते १८१४ मध्ये. सदरलंडची जहागीर तेव्हा काउंटेस एलिझाबेथकडे होती. बाप वारला तेव्हा ती एक वर्षाची होती, आणि त्या वयात तिच्या नावावर जिल्ह्याएवढी जमीन आली. पुढे तिने ज्याच्याशी लग्न केलं तो मार्क्विस ऑफ स्टॅफर्ड इंग्लंडमधल्या अतिश्रीमंतांपैकी एक. कारभाऱ्यांनी हिशोब मांडला की माणसांकडून येणाऱ्या खंडापेक्षा मेंढ्यांपासून जास्त उत्पन्न आहे. मग खोरी रिकामी करायला सुरुवात झाली. कुटुंबांना समुद्रकाठच्या खडकाळ तुकड्यांवर नेऊन बसवलं आणि मासे धरा म्हणून सांगितलं. पिढ्यान् पिढ्या गुरं राखलेल्या माणसांना! पॅट्रिक सेलर नावाचा कारभारी स्वतःच त्या जमिनीचा मेंढपाळीसाठी खंडकरी होता. लोकांनी परत फिरू नये म्हणून घरांच्या छपरांची लाकडं जाळली गेली. जवळजवळ शंभर वर्षांच्या एका अंथरुणाला खिळलेल्या बाईच्या घरालाही आग लावली. ती काही दिवसांत गेली. सेलरवर १८१६ मध्ये इनव्हरनेसला खटला झाला आणि तो निर्दोष सुटला. १८१९ मध्ये आणखी मोठी हकालपट्टी झाली.

म्हणजे बघ, एका हौशी सरदाराने १६२६ मध्ये कर्ज काढलं, आणि त्याची फेड १८१४ मध्ये स्ट्रॅथनेव्हरच्या मॅकेंनी घरं देऊन केली. ज्यांनी सही केली नव्हती, ज्यांना कुणी विचारलंही नव्हतं, त्यांनी.

आता तू म्हणशील, हा सगळा सदरलंडवाल्यांचा दोष, मॅके सरदार त्यातून सुटले. तसं नाही. उरलेल्या रे मुलखातही मेंढ्या शिरल्याच होत्या, आणि त्या सातव्या लॉर्डच्या काळात शिरल्या. या एरिकसाहेबांवर कर्ज साचत गेलं, ते देणाराही शेजारचाच, आणि १८२९ मध्ये टंगपासून पश्चिम किनाऱ्यापर्यंतचा सगळा मुलूख त्याच स्टॅफर्डला ३ लाख पौंडांना विकला गेला. चार वर्षांनी स्टॅफर्ड ड्यूक ऑफ सदरलंड झाला, आणि त्याच वर्षी मेला. गोल्स्पीच्या डोंगरावर त्याचा अवाढव्य पुतळा आहे, तू गाडीने इनव्हरनेसला जाशील तेव्हा दिसेलच. १८७० च्या दशकात या एका घराण्याकडे १३ लाखांहून जास्त एकर जमीन होती. एवढी टिकली कशी, असा प्रश्न मला आधी पडला. मग लक्षात आलं की तिथे सगळं थोरल्या मुलाला. धाकट्यांनी सैन्यात जायचं, नाहीतर पाद्री व्हायचं. आपल्याकडे एका कलमी आंब्यावर सतरा वारसांची नावं लागतात. भाऊबंदकीला आपण शिव्या देतो, पण तिनेच कोकणात एवढी मोठी जहागीर कुणाची होऊ दिली नाही, असं मला अलीकडे वाटू लागलं आहे.

आता आपले मुंबईचे लॉर्ड रे. दुसऱ्या लॉर्डचा एक मुलगा हॉलंडच्या सैन्यात स्कॉच पलटणीचा प्रमुख होता. त्याची शाखा तिकडेच रुजली आणि पक्की डच झाली. इकडे १८७५ मध्ये नववे लॉर्ड लग्नाशिवाय वारले आणि किताब समुद्रापलीकडच्या शाखेकडे गेला. आधी डोनाल्डचे वडील, ते वर्षभरातच गेले, मग डोनाल्ड. गेलेल्या जमिनीचं नुसतं नाव घेऊन हा माणूस ब्रिटनमध्ये आला. १८७७ मध्ये त्याने एका विधवेशी लग्न केलं. मूल झालं नाही. ग्लॅडस्टनच्या लिबरल पक्षात गेला आणि आठ वर्षांत आपल्या इलाख्याचा गव्हर्नर झाला.

मला हा माणूस आवडतो, हे आधीच सांगून टाकते. साम्राज्याचा नोकर होता, त्यात शंका नाही. पण तुझे आजोबा ज्या व्ही.जे.टी.आय.मध्ये शिकले, ती संस्था १८८७ मध्ये निघाली तेव्हा तांत्रिक शिक्षणाचा आग्रह धरणाऱ्यांत हे पुढे होते. आणि क्रॉफर्ड प्रकरण! मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटला ज्याचं नाव होतं तो आर्थर क्रॉफर्ड पुढे मध्य विभागाचा कमिशनर झाला, आणि मामलेदारांकडून बदल्या-बढत्यांसाठी पैसे घेतो असा बोभाटा झाला. १८८८ मध्ये लॉर्ड रे यांनी त्याची चौकशी लावली. एका गोऱ्या सनदी अधिकाऱ्यावर नेटिव मामलेदारांच्या साक्षीने चौकशी, हे तेव्हा कुणाला सहन होणार! साक्ष द्यायला माणसं घाबरली, म्हणून सरकारने त्यांना अभयवचन दिलं. लाचखोरी सिद्ध झाली नाही असं चौकशी मंडळाने म्हटलं, पण हाताखालच्यांकडून कर्जं घेतल्याबद्दल क्रॉफर्डची नोकरी गेली. पुढे इंग्लंडात ओरड झाली आणि अभय दिलेल्या मामलेदारांपैकी काहींना घरी बसवलं. टिळक त्यांच्या बाजूने उभे राहिले होते. वचन मोडल्याचा डाग लॉर्ड रे यांच्या सरकारवर लागला, तो मी पुसणार नाही.

पण याच्या पाच वर्षं आधी, १८८३ मध्ये, तिकडे स्कायच्या बेटावर अगदी हेच घडलं होतं. हायलँडच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागातल्या, कुळांची गाऱ्हाणी ऐकायला सरकारने आयोग नेमला. अध्यक्ष लॉर्ड नेपियर, हे पूर्वी मद्रासचे गव्हर्नर. पहिल्याच बैठकीत अँगस स्टुअर्ट नावाचा शेतकरी उभा राहिला आणि म्हणाला, मी खरं बोललो म्हणून मला जमिनीवरून काढणार नाही असं आधी सांगा, मगच बोलतो. आयोग त्याच उन्हाळ्यात तुझ्या बाजूला बेटीहिललाही आला होता. स्ट्रॅथनेव्हरमधून हाकललेल्यांची मुलं तिथेच वसली होती. त्यानंतर १८८६ मध्ये कायदा झाला: खंड वाजवी ठरवायचा, कुळाला मनमानीने काढायचं नाही, वहिवाट वारसाला जाणार. हिसकावलेली खोरी परत मिळाली नाहीत, पण हातातलं उरलं. तो कायदा झाला तेव्हा मॅकेंचे प्रमुख मलबार हिलवर बसून दख्खनच्या शेतसाऱ्याच्या फायली बघत होते. त्यांच्या मनात काय आलं असेल, याचा मी पुष्कळदा विचार करते.

आणि पुण्यातली आपली मंडई? १८८६ मध्ये तिला लॉर्ड रे मार्केट असंच नाव दिलं होतं. जोतीराव फुले नगरपालिकेत होते तेव्हा त्यांनी तिच्या खर्चाला विरोध केला होता. पुढे आचार्य अत्र्यांनी पुढाकार घेऊन तिला फुल्यांचंच नाव दिलं. पुण्यातलं लॉर्ड रे म्युझियम आज महात्मा फुले वस्तुसंग्रहालय आहे, आणि मुंबईचं क्रॉफर्ड मार्केटही महात्मा फुले मंडई. नावाचा तेवढा एक रे रोडच राहिला, बहुधा ते कुणाचं नाव आहे हे कुणाला माहीत नाही म्हणून. लॉर्ड रे परत गेल्यावर लंडनच्या शाळामंडळाचे अध्यक्ष झाले, ब्रिटिश अकॅडमीचे पहिले अध्यक्ष झाले, आणि १९२१ मध्ये दक्षिण स्कॉटलंडमध्ये कॅरोलसाइडला वारले. किताब पुन्हा डच चुलतभावाकडे गेला.

तू बेटीहिलला जा एकदा. जुन्या चर्चमध्ये स्ट्रॅथनेव्हरचं संग्रहालय आहे. आणि डरनेसजवळ बालनाकीलच्या दफनभूमीत रॉब डॉनची कबर बघ. हा मॅकेंच्या मुलखातला अठराव्या शतकातला गुराखी कवी. लिहिता-वाचता येत नव्हतं, सगळ्या कविता तोंडी. मालकाची हरणं मारायची खोड काही त्याला सोडवली नाही, त्यापायी त्याला घर बदलावं लागलं. मला हा लॉर्डांपेक्षाही आवडतो.

आता सहीचं. तुझ्या पणजोबांना गावात अजून खोत म्हणतात. १९३७ मध्ये आंबेडकरांनी खोती बंद करण्याचं विधेयक मुंबईच्या विधिमंडळात आणलं, तेव्हा आपल्या घरात दोन दिवस कुणी नीट जेवलं नाही, असं तुझी आजी सांगायची. १९४९ चा कायदा झाला, खोती गेली, त्याआधी १९४८ चा कुळकायदाही आला होता. पण वरच्या वाडीतला तुकडा राहून गेला, कारण तुझी आजी विधवा होती आणि विधवेच्या जमिनीचं ३२ ग, म्हणजे कुळाला जमीन विकत मिळण्याचं कुळकायद्यातलं कलम, तेव्हा लांबणीवर पडायचं. ती गेल्यावर कुळाने जमीन घ्यायची आहे अशी मुदतीत नोटीस द्यायची असते, ती वाडीतल्या लोकांनी दिली नाही. कुणी सांगितलंच नाही त्यांना. आता रस्ता मोठा होतोय, भाव चढलेत, आणि काकांचं म्हणणं की नोटीस नाही म्हणजे हक्क संपला, आपण तहसीलदारापुढे हरकत घेऊ. वकील म्हणतात की खटला जिंकण्यासारखा आहे.

असेल. पण त्या तुकड्यावरचे काजू त्यांच्या आजांनी लावले, गडगे त्यांनी रचले, चार घरं तिथे उभी आहेत. आपल्या घरातल्या कुणी तिथे कुदळ मारल्याचं मला तरी ठाऊक नाही. माझ्यापुरती मी हरकत घेणार नाही, आणि कुळांच्या नावे व्हायला माझी संमती आहे असं लिहून देणार आहे. बाबांच्या मागे सातबाऱ्यावर तुझंही नाव लागलं आहे, म्हणून तुझ्या हिश्शाबद्दल तुलाच ठरवायचं आहे. पैसे कमी नाहीत, हेही सांगते. एडिंबरोच्या घराच्या डिपॉझिटला हातभार लागेल एवढे आहेत.

संमती द्यायची असेल तर माझ्या नावे मुखत्यारपत्र करावं लागेल. मसुदा वकिलांकडून घेऊन ई-मेलने पाठवते. एडिंबरोला आपला वाणिज्य दूतावास आहे, तिथे वेळ ठरवून पासपोर्ट घेऊन जायचं आणि त्यांच्यासमोर सही करायची. मूळ कागद कुरिअरने पाठव, स्कॅन चालत नाही. पटत नसेल तर सही करू नकोस, मी रागावणार नाही. मात्र काकांना फोन करायच्या आधी मला कर. सुनावणी पुढच्या महिन्यात आहे, तारीख कळली की कळवते.

तुझी
आई