वायरमन दादा, त्या पेन्सिलच्या खुणेसाठी थँक्यू

दादा, नमस्कार. तुमचं नाव इथे टाकत नाही, तुम्हाला आवडणार नाही ते माहितीये. पण लिहिल्याशिवाय राहवत नाहीये.

आमचं घर श्रीवर्धनकडचं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, पोल आडवे झाले आणि आई कितीतरी दिवस अंधारात, विहिरीला पाणी आहे पण पंप बंद, फोन लागेना, वर लॉकडाऊन, मी पुण्यात नुसता हात चोळत बसलेलो. तेव्हापासून डोक्यात होतं की छोटा जनरेटर घ्यायचाच. घेतला एकदाचा. जोडायला आधी जे महाशय आले त्यांनी काय केलं, तर दोन्ही टोकांना थ्री पिन टॉप असलेली वायर बनवली, एक टोक जनरेटरला, दुसरं घरातल्या सॉकेटमध्ये, "मेन पाडायचा की झालं काम". म्हणजे टॉप चुकून निघाला तर उघड्या पिनांमध्ये करंट! आणि जनरेटर कुठे, तर पडवीत, धूर सरळ माजघरात. पैसे मात्र रोख मोजून घेतले.

तुम्ही आलात आणि आधी ती वायर काढलीत. कोणाला नावं ठेवली नाहीत, फक्त दारातून पोलकडे बोट दाखवलंत. "मेन पाडायचा राहिला तर करंट उलटा लाईनवर जातो. ११ हजार व्होल्ट उतरवणारी डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, उलट्या बाजूने चढवते पण. आणि लाईट गेली म्हणून वर आमच्यातलाच कोणीतरी चढलेला असतो." आधीच्याने यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं.

मग चेंजओव्हर बसवलात, म्हणजे एका वेळी लाईन नाहीतर जनरेटर एकच घराला जोडणारा स्विच, फेज न्यूट्रल दोन्ही तोडणारा, जनरेटर मागे उघड्यावर खिडक्यांपासून लांब नेलात, ते सगळं आहेच. पण मला आठवतं ते वेगळंच. बॉक्स ठोकायच्या आधी तुम्ही आईला हाक मारलीत, "काकू, जरा इकडे या, हात वर करा." तिचा खांदा धरलेला, हात जेमतेम छातीपर्यंत जातो, तो जिथे न दुखता पोचला तिथे भिंतीवर पेन्सिलने खूण केलीत आणि तिथेच बॉक्स लावलात. मी हँडल फिरवायला पुढे झालो तर मला म्हणालात, "तुम्ही पुण्याला जाणार, काकूंना फिरवू दे." आईने आयुष्यात कधी मेनला हात लावला नव्हता हो! घाबरत घाबरत फिरवलं, मधे बंद, मग जनरेटर, आणि लाईट लागल्यावर ती माझ्याकडे नाही, तुमच्याकडे बघून हसली.

काम येणारे पुष्कळ भेटतात दादा, पण घरात मागे राहणार कोण आहे एवढा विचार कोण करतं आजकाल? अशी माणसं आहेत म्हणून आमच्यासारखे लोक आईवडलांना गावी ठेवून शहरात निवांत झोपतात.

परवा वाऱ्यापावसात लाईट गेली तेव्हा तिने कोणालाही न बोलावता पंप चालू केला आणि मग मला फोन करून सांगितलं, वर "फ्रीज आधी बंद केला हां, दोन्ही एकदम नको म्हणालाय तो".

कोकम आगळाची बाटली तुमच्यासाठी भरून ठेवलीये. गणपतीत मी घरी आहे, या नक्की, आणि त्या दिवशीसारखं चहाला नाही म्हणू नका.